ओलं की सुकं? डोळ्याच्या खोबणीतला दाह आणि एमआरआयची साक्ष



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा ‘सगळ्यांना कळेल असं काहीतरी घ्या’ अशी प्रेमळ सूचनाही केली होती. विषयाचं नाव ऐकून त्यांचा चेहरा उतरला. पण ज्या नेत्रवैद्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य टॉर्च, भिंग आणि स्वतःची बोटं यांच्या भरवशावर गेलं. डोळ्याच्या समोरचं त्यांना दिसायचं, मागचं ताडावं लागायचं. त्यांना जे ताडावं लागलं ते आज दिसतं का, आणि दिसतं तर किती खरं दिसतं, एवढंच मला आज सांगायचं आहे. डॉक्टर नसलेल्यांनी घाबरू नये. दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे : ओलं आणि सुकं.

आधी जागा समजून घेऊ. डोळा ज्या खोबणीत बसलेला असतो ती सात हाडांनी बनलेली आहे. पुढे रुंद, मागे निमुळती. मोठ्या माणसात तिच्यात साधारण ३० मिलिलिटर मावतं. डोळ्याचा गोळा त्यातले जेमतेम सात मिलिलिटर घेतो. मग बाकीच्या जागेत काय आहे? डोळा फिरवणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा सातवा, दृष्टीची नस, अश्रुग्रंथी, रक्तवाहिन्या आणि या सगळ्यांच्या मधल्या फटी भरून काढणारी चरबी. म्हणजे आपण ज्याला डोळा म्हणतो तो त्या घरातला लहान भाडेकरू. बाकीचं कुटुंब मागे राहतं आणि ते आरशात दिसत नाही.

या जागेचं एक वैशिष्ट्य आहे. चहूबाजूंनी हाड आणि वाट फक्त पुढे. आत काहीही सुजलं तर डोळा पुढे ढकलला जातो, बाहेर येतो. नातेवाईक घाबरतात ते बाहेर आलेल्या डोळ्याला. मी म्हणतो, त्या बाहेर येण्याने निदान आतला दाब तरी हलका झाला. ज्याच्या पापण्या घट्ट आहेत, ज्याचा डोळा पुढे सरकत नाही, त्याच्या आतली सूज जाणार कुठे? ती मागच्या निमुळत्या टोकाला दाटते. दृष्टीची नस नेमकी तिथूनच बाहेर पडते.

या खोबणीत दाह होण्याची कारणं पुष्कळ. त्यातलं सगळ्यात जास्त भेटणारं कारण मी मध्यावर ठेवणार आहे : थायरॉइडचा डोळा. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये गळ्याची गाठ आणि छातीतली धडधड यांचा संबंध मांडला आणि बाहेर आलेल्या डोळ्यांचीही नोंद केली. पाच वर्षांनी, १८४० मध्ये, जर्मनीतल्या मेर्झेबुर्गचे कार्ल फॉन बाझेडो यांनी तीच तीन लक्षणं स्वतंत्रपणे लिहिली. इंग्रजी वाचणारे ग्रेव्ह्जचा आजार म्हणतात, जर्मन वाचणारे बाझेडोचा. भांडण नावापुरतं. दोघांनाही दिसला तो बाहेर आलेला डोळा. आत काय घडतंय हे दिसायला पुढची दीडशे वर्षं जायची होती.

आत काय घडतं? शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा चुकीच्या दाराशी जाऊन उभी राहते. थायरॉइड ग्रंथीविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांना डोळ्यामागच्या पेशींवरही तीच खूण सापडते. त्या पेशी चिडतात आणि हायलुरोनान नावाचा एक चिकट पदार्थ भरभरून तयार करतात. त्या पदार्थाचा गुण एकच : पाणी ओढून धरणं. स्नायू फुगतात. काही पेशी चरबीच्या पेशी होतात, म्हणजे चरबीही वाढते. पहिल्या काही महिन्यांत हा सगळा मामला ओला असतो. पुढे हळूहळू दाह ओसरतो, पण स्नायू पूर्वीसारखा होतोच असं नाही. त्याच्या जागी तंतू येतात, वण पडतो, स्नायू दोरीसारखा ताठ होतो. हा सुकलेला स्नायू.

फेलिक्स रंडल नावाच्या शल्यवैद्याने १९४५ मध्ये या आजाराचा आलेख काढला. आजार चढतो, शिखर गाठतो, थोडा उतरतो आणि मग आडवा पडून राहतो. चढ-उताराचा काळ साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. नेत्रवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा आलेख पाठ असतो. पण समोर बसलेला माणूस आलेखाच्या कुठल्या बिंदूवर आहे, हे तो आलेख सांगत नाही! आणि उपचाराचं सगळं गणित त्या एका बिंदूवर आहे.

का? ओल्या स्नायूवर औषध चालतं, म्हणून. स्टेरॉइड शिरेतून देतात. युरोपातल्या तज्ज्ञगटाच्या शिफारशीत नेहमीचा हिशेब बारा आठवड्यांत एकूण साडेचार ग्रॅमचा आहे. काहींना किरणोपचार देतात. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये टेप्रोटुमुमॅब नावाचं नवं औषध मंजूर झालं. किंमत ऐकली तर आपल्याकडच्या माणसाचेच डोळे बाहेर येतील. यातले बहुतेक उपचार मुख्यतः दाहाशी लढतात. सुकलेल्या वणाला स्टेरॉइड देऊन काय होणार? साखर वाढेल, हाडं ठिसूळ होतील, यकृतावर ताण येईल आणि स्नायू होता तसाच राहील. उलट बाजूही तितकीच खरी. सुकलेल्या डोळ्याचं ऑपरेशन करता येतं : हाड काढून जागा वाढवता येते, मग तिरळेपणा सरळ करता येतो, शेवटी पापण्या. हेच ऑपरेशन ओल्या अवस्थेत केलं तर? आज सरळ केलेला डोळा तीन महिन्यांनी पुन्हा वाकडा. दृष्टीच धोक्यात असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा थांबता येत नाही. एरवी सर्जन आजार निदान सहा महिने जागचा हललेला नाही याची खात्री करून मगच चाकू हातात घेतो.

तेव्हा प्रश्न ‘थायरॉइडचा डोळा आहे का?’ एवढाच नाही. ते बहुतेकदा रक्ताच्या तपासणीत आणि चेहऱ्यावरच कळतं. प्रश्न आहे : आत्ता ओलं आहे की सुकं?

हा प्रश्न बाहेरून सोडवायचा एक चांगला प्रयत्न झाला. अ‍ॅमस्टरडॅमच्या मौरिट्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गुणांची एक पद्धत मांडली. आज दवाखान्यात तिची सात गुणांची आवृत्ती वापरतात. आपोआप दुखतंय का, डोळा फिरवताना दुखतंय का, पापणी लाल आहे का, डोळ्याचा पांढरा भाग लाल आहे का, पापणी सुजली आहे का, पांढऱ्या भागावरचं आवरण फुगलं आहे का, नाकाकडच्या कोपऱ्यातला मांसल भाग सुजला आहे का. प्रत्येकाला एक गुण. तीन किंवा जास्त झाले की आजार जागा आहे असं धरायचं. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. मला ही पद्धत आवडते आणि तालुक्याच्या गावातल्या प्रत्येक डॉक्टरला ती यावी असं वाटतं.

पण ती बाहेरचं मोजते. आणि बाहेरचं दोन्ही बाजूंनी फसवतं. कधी डोळा पांढराशुभ्र असतो, दुखत नाही, गुण एक किंवा शून्य, आणि आत मागच्या टोकाशी स्नायू इतके फुगलेले असतात की नस चेपली जाते. कधी उलटं. आजार विझून वर्ष झालेलं असतं, पण जाड स्नायूंमुळे शिरांमधलं रक्त नीट वाहून जात नाही, म्हणून डोळा लाल आणि पापणी सुजलेली. गुण चार भरतात आणि सुकलेल्या डोळ्यावर स्टेरॉइडचा दुसरा कोर्स सुरू होतो. आपल्याकडे तर त्याही आधी ‘डोळे आलेत’ म्हणून महिनाभर थेंब घालून झालेले असतात.

मग आत पाहायचं कसं? पहिलं साधन आलं सीटी स्कॅनचं. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी निघाला आणि पुढच्या दहा वर्षांत डोळ्यामागचे स्नायू पहिल्यांदा नीट दिसू लागले. सीटी हाड झकास दाखवतं. ऑपरेशनच्या आधी सर्जनला सीटी लागतोच, कारण नाकाकडची भिंत कागदाइतकी पातळ असते आणि ती फोडायची असते. सीटी स्नायूची जाडीही दाखवतं. पण ओला स्नायूही जाड आणि वण पडलेला स्नायूही जाड. सीटीवर दोन्ही करडे. जाड म्हणजे आजारी, हे मान्य. जाड म्हणजे औषधाने बरा होणारा? ते सीटीला विचारून उपयोग नाही.

इथे एमआरआय येतो आणि तो येतो पाण्याच्या वाटेने. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुकच्या पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये या पद्धतीचं पहिलं चित्र छापलं. ते चित्र कशाचं होतं माहीत आहे? पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं! आसपास जड पाणी, मधे साधं पाणी, आणि यंत्राने त्या दोघांतला फरक ओळखला. तीस वर्षांनी, २००३ मध्ये, लाउटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं. आजही हे यंत्र मुळात तेच करतं : पाणी कुठे आहे आणि कशा स्थितीत आहे ते सांगतं.

कसं, ते थोडक्यात. यंत्राचा चुंबक दीड टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. त्यात माणूस ठेवला की पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं त्या चुंबकाच्या दिशेला झुकतात. मग ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी त्यांना हलवायचं. तुमचा एफएम रेडिओ ८८ ला सुरू होतो, त्याच्या थोड्या खालच्या या लहरी. एक्स-रेसारखा किरणांचा धोका त्यात नाही. लहर थांबली की केंद्रकं आपापला संकेत सोडत शांत होतात. निरोगी स्नायूतलं पाणी प्रथिनांशी जखडलेलं असतं, त्याचा संकेत झटकन विझतो. सुजलेल्या स्नायूतलं पाणी जास्त आणि मोकळं, त्याचा संकेत रेंगाळतो. रेंगाळलेला संकेत उशिरा टिपला की पडद्यावर सुजलेला स्नायू पांढरा दिसतो आणि वण पडलेला काळा. या टिपण्याला टी-२ म्हणतात.

झालं तर मग? नाही झालं. आठवतं ना, खोबणीत स्नायूंच्या मधे सगळी चरबी भरली आहे? टी-२ वर चरबीही पांढरीच दिसते. पांढऱ्या चरबीत पांढरी सूज शोधणं म्हणजे तांदळातून पांढरे खडे निवडणं. यावरचा तोडगा लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ग्रॅम बिडर आणि इयान यंग यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून मिळाला. चरबी आणि पाणी वेगवेगळ्या वेगाने सावरतात, तेव्हा चरबीचा संकेत बरोबर शून्यावर आलेला असताना चित्र टिपायचं. चरबी काळी पडते, पाणी पांढरं राहतं. या टिपण्याला स्टर म्हणतात. चरबी दाबायच्या दुसऱ्या पद्धतीही आहेत, पण डोळ्याच्या खोबणीला नाकाजवळच्या हवेच्या पोकळ्या लागून आहेत, आणि हवेशेजारी त्यातल्या काही पद्धती दगा देतात. स्टर सहसा दगा देत नाही. एक पथ्य मात्र आहे : शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उजळवणारं औषध, देण्याआधी स्टर काढायचं. नंतर काढलं तर कॉन्ट्रास्टने उजळलेला भागही चरबीबरोबर काळा पडू शकतो.

आता पडद्यासमोर जरा थांबू. सगळ्यात बोलकं चित्र असतं ते कपाळाला समांतर घेतलेल्या कापाचं. दोन्ही खोबणी शेजारीशेजारी दोन गोल दिसतात. प्रत्येक गोलाच्या मध्यावर नस, तिच्याभोवती पाण्याचं पातळ कडं. चार दिशांना चार स्नायू. काळी पडलेली चरबी ही पार्श्वभूमी. निरोगी माणसात हे स्नायू साधारण चार-पाच मिलिमीटर जाड, फिके करडे. थायरॉइडच्या डोळ्यात बहुधा आधी खालचा स्नायू फुगतो, मग नाकाकडचा, मग वरचा. कानाकडचा सगळ्यात शेवटी. खालचा स्नायू पांढरा आणि गलेलठ्ठ दिसला तर तो ओला, औषधाला वाव आहे. तोच स्नायू तितकाच जाड पण गडद दिसला तर वण. अशा माणसाला ओपीडीत शिरतानाच ओळखता येतं. खालचा स्नायू आखडल्यामुळे डोळा वर जात नाही, म्हणून तो हनुवटी वर करून चालत येतो. मान दुखते म्हणून काही जण आधी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले असतात.

याहून अवघड चित्र तिसरं. एकाच डोळ्यात नाकाकडचा स्नायू सुकलेला आणि वरचा ओला. मग आजार जागा म्हणायचा की झोपलेला? पुस्तकातला आलेख माणसाचा असतो. प्रत्येक स्नायूची चाल निराळी असू शकते, आणि हे एमआरआयशिवाय दाखवणारं दुसरं सोपं साधन मला माहीत नाही. माझ्या मते या तपासणीची खरी किंमत इथे आहे.

डोळ्याने ‘पांढरं’ म्हणणं आणि आकड्याने सांगणं यात फरक आहे. म्हणून डोळ्याच्या स्नायूचा उजेड कानशिलाच्या स्नायूच्या उजेडाशी ताडून पाहतात, कारण कानशिलाचा स्नायू बहुधा निरोगी असतो. आणखी पुढे जाऊन संकेत विझायला लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. गेली तीसहून अधिक वर्षं यावर संशोधन चाललं आहे आणि निष्कर्षांची दिशा आशादायक आहे : हा वेळ जितका जास्त, तितका औषधाचा गुण येण्याचा संभव जास्त. पण ‘अमुक आकड्याच्या वर ओलं’ अशी सगळ्या यंत्रांना लागू पडणारी रेषा अजून कोणी आखलेली नाही. पुण्याच्या यंत्रावरचा आकडा नागपूरच्या यंत्रावर तसाच्या तसा लागू होत नाही. दुसरी गोम अशी की जुन्या आजारात स्नायूच्या आतही चरबी शिरते. चरबी न दाबता चित्र काढलं तर तो सुकलेला स्नायूही पांढरा दिसून फसवतो. शून्य गुणांच्या डोळ्याने फसावं आणि वाईट काढलेल्या एमआरआयनेही फसावं, हा दैवदुर्विलास टाळता येण्याजोगा आहे.

आकड्याची रेषा पक्की नसली तरी मागच्या टोकाच्या बाबतीत वाट पाहायची नसते. रंग फिके दिसू लागले, विशेषतः लाल रंग, नजर धूसर झाली, तर नस चेपली जात असावी. थायरॉइडच्या डोळ्याच्या शंभरांत साधारण पाच जणांवर ही वेळ येते. मागच्या टोकाच्या कापात नसेभोवतीची चरबी दिसेनाशी झालेली असते, चहूबाजूंनी स्नायूच स्नायू. हे चित्र पाहिलं की रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता फोन उचलायचा. रेडिओलॉजिस्ट मित्रहो, फोन उचला.

आतापर्यंत थायरॉइडबद्दल बोललो. पण खोबणीतला प्रत्येक दाह थायरॉइडचा नसतो आणि दाहासारखं दिसणारं प्रत्येक दुखणं दाह नसतं. एकच डोळा, अचानक, खूप दुखतो, आणि एमआरआयवर स्नायूबरोबर त्याला डोळ्याशी जोडणारा पुढचा कंडराही सुजलेला : मग थायरॉइडपेक्षा स्नायूचा स्वतंत्र दाह जास्त संभवतो. थायरॉइडमध्ये कंडरा बहुधा वाचतो. बहुधा म्हणतोय, नेहमी नाही. दोन्ही बाजूंच्या अश्रुग्रंथी फुगलेल्या आणि डोळ्याखालच्या हाडातून जाणारी नसही जाड, तर आयजीजी-४ नावाच्या आजाराचा संशय घ्यायचा. खोबणीच्या मागे, मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीत दाह होऊन डोळा दुखतो आणि लुळा पडतो, तो टोलोसा-हंटचा आजार. टोलोसांनी १९५४ मध्ये आणि हंट यांनी १९६१ मध्ये त्याचं वर्णन केलं.

आणि लिम्फोमा. हा कर्करोग खोबणीत गुपचूप वाढतो, दुखत नाही, आसपासच्या आकाराप्रमाणे आपला आकार जुळवून घेतो. तो ओलाही नाही, सुकाही नाही. तो दाट आहे. पेशी इतक्या दाटीवाटीने बसलेल्या की त्यांच्यामधलं पाणी हलूच शकत नाही. एमआरआयमध्ये पाण्याचं हे हलणं मोजणारी डिफ्यूजन नावाची तपासणी आहे. दाहात पाणी मोकळं हलतं, लिम्फोमात अडतं. म्हणून डिफ्यूजन हे दोघांना वेगळं करायला मोठी मदत करतं. निर्णय मात्र तुकडा काढून तपासूनच. इथे मला एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. ‘स्टेरॉइड देऊन बघू, उतरलं तर दाह’ ही आपल्याकडची लाडकी पद्धत धोक्याची आहे. लिम्फोमाही स्टेरॉइडने काही काळ उतरतो! माणूस खूश, डॉक्टर खूश, आणि सहा महिन्यांनी गाठ परत. मधल्या काळात घेतलेला तुकडाही मग नीट बोलत नाही.

स्टेरॉइडची घाई कुठे नेऊ शकते हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिलं आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने आपल्या रुग्णालयांतले वॉर्डच्या वॉर्ड भरले. ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरात पोचला. देशभरच्या नेत्रवैद्यांनी तेव्हा २,८२६ रुग्णांची एकत्र नोंद केली. त्यांतल्या ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेलं होतं. बुरशी नाकातून शिरते, सायनसमध्ये पसरते, कागदासारख्या भिंतीतून खोबणीत उतरते. बाहेरून दिसतं काय? सुजलेली पापणी, बाहेर आलेला डोळा, दुखणं. म्हणजे आपल्या सात गुणांपैकी बरेचसे गुण! पण ही बुरशी रक्तवाहिन्याच बंद करते. मग त्या भागात कॉन्ट्रास्ट पोचतच नाही. आसपासचं सगळं उजळतं आणि नाकातला किंवा खोबणीतला एक तुकडा काळाच राहतो. तो मेलेला असतो. आजूबाजूचं किती जिवंत आहे आणि किती मेलं आहे, डोळा ठेवायचा की काढायचा, हे त्या दिवसांत या काळ्या-पांढऱ्या चित्रांसमोर बसून ठरवलं जात होतं. त्या रुग्णाला दाह समजून आणखी स्टेरॉइड देणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आता यंत्राच्या दाराशी येऊ, कारण पुष्कळ गोष्टी तिथेच बिघडतात. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं, केसातल्या पिना, सगळं काढावं लागतं. मंगळसूत्र काढायला बायका कचरतात, सासूबाई बाहेरून डोळे वटारतात. हसू नका. मी सांगतो, काढाच. सोनं खेचलं जात नाही हे खरं, पण कडीत किंवा तारेत कुठला धातू आहे हे कोणाला ठाऊक? डोळ्याच्या एमआरआयला आणखी एक पथ्य, जे गुडघ्याच्या एमआरआयला नसतं : काजळ, मस्कारा, आयलायनर पुसायचं. त्यांत लोहाचे कण असू शकतात. चित्रात नेमका पापणीजवळचा भाग वेडावाकडा होतो आणि क्वचित डोळ्याची जळजळही होते. कापसाच्या बोळ्याचं काम, पण ते राहून जातं.

आणि चिंचवड, सातपूर, बुटीबोरी, वाळूज इथल्या कारखान्यांतल्या मंडळींसाठी एक प्रश्न. ‘डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं का?’ असं विचारलं की ‘नाही’ उत्तर येतं. ‘ग्राइंडरवर काम केलंय? लेथवर? गॉगल घालत होतात?’ असं विचारलं की माणूस आठवायला लागतो. डोळ्याच्या आत राहिलेला लोखंडाचा बारीक कण चुंबकात हलला तर आत रक्तस्राव होतो. १९८६ मध्ये अशी घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. संशय असेल तर आधी साधा एक्स-रे किंवा सीटी काढायचा. चुंबकाची ताकद हलक्यात घेऊ नये. २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट एक तरुण यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. तो रुग्णही नव्हता, नातेवाईक होता.

खर्चाचं बोलू, नाहीतर घरी जाऊन तुम्ही मलाच नावं ठेवाल. थायरॉइडच्या डोळ्याच्या प्रत्येक माणसाला एमआरआय लागतो का? नाही. सौम्य आजार असेल, दोन्ही डोळे सारखे असतील, रक्ताच्या तपासण्या बोलक्या असतील, तर लागत नाही. थायरॉइडची पातळी जागेवर आणणं आणि तंबाखूचा धूर बंद करणं हे आधी. धूम्रपान हा या आजाराचा सिद्ध झालेला शत्रू आहे. सिगारेट चालू ठेवून पाच-दहा हजारांचा एमआरआय काढणाऱ्याला मी हात जोडतो. एमआरआय लागतो तो एकच डोळा बाहेर आला असेल तेव्हा, नजर जात असेल तेव्हा, बाहेरची लक्षणं आणि आतली गोष्ट जुळत नसेल तेव्हा, आणि औषध द्यायचं की ऑपरेशन करायचं हे अडलं असेल तेव्हा.

मग तो काढताना चिठ्ठीवर काय लिहितात? ‘एमआरआय ब्रेन.’ पुढे काही नाही. केंद्रावरचा तंत्रज्ञ बिचारा मेंदूचे पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतो. त्यात चार मिलिमीटरचा स्नायू एकदा दिसतो न दिसतो. डोळ्यासाठी काप तीन मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ हवेत, चरबी दाबलेली हवी, कपाळाला समांतर हवेत आणि ते होईपर्यंत रुग्णाने डोळे मिटून न फिरवता पडून राहायला हवं. त्या खडखडाटात वीस-पंचवीस मिनिटं डोळे स्थिर ठेवणं सोपं नाही. हे त्याला आधी कोणीतरी बसून सांगायला हवं. चिठ्ठीवर आजार किती महिन्यांचा, स्टेरॉइड चालू आहे का आणि शेवटचं कधी दिलं, कोणत्या दिशेला बघताना दुखतं, एवढं लिहिलं तर रिपोर्ट लिहिणाऱ्याला काय शोधायचं ते कळतं. स्टेरॉइडच्या दोन आठवड्यांनंतर काढलेल्या चित्रातला गडद स्नायू सुकलेला आहे की तात्पुरता ओसरलेला, हे चिठ्ठीशिवाय कोण सांगणार?

सभागृहातल्या डॉक्टरांना माझी विनंती एवढीच की चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून थांबू नका, प्रश्न लिहा. ‘खालचा स्नायू ओला आहे का? नस चेपली आहे का?’ आणि डॉक्टर नसलेल्यांनो, एमआरआयनंतर मिळणारी सीडी फेकू नका. रिपोर्टचा कागद कोणीही जपतं. सीडी मुलं घेऊन जातात आणि झाडाला टांगतात, पक्षी पळवायला. सहा महिन्यांनी दुसरा एमआरआय निघेल तेव्हा ती सीडी बरोबर न्या आणि ती संगणकात लावून दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघायला सांगा. नाही म्हणाले तर पुन्हा सांगा.